बाराव्या मुलीचा बांध

मला स्वस्थ बसता येत नाही. मामी म्हणायच्या, हिला देवानं पायाला भिंगरी बांधूनच खाली पाठवलंय. आता गुडघे कुरकुरतात, तरी भरतीची वेळ झाली की मी खुर्चीतून उठते, दारापर्यंत जाते, परत येऊन बसते आणि पुन्हा उठते. घरच्यांना तो म्हातारपणाचा चाळा वाटतो. वाटू दे. त्यांना त्या मुलीबद्दल मी कधी सांगितलेलं नाही.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. बावीस वर्षांची मी, नवीकोरी ग्रामसेविका, अलिबागहून खाडीकाठच्या एका गावात येऊन पडले. गावाचं भात आणि खाडीचं खारं पाणी यांच्यामध्ये एक मातीचा बांध होता, बाकी काही नाही. तो बांध घराघरांत वाटलेला होता. ज्यानं त्यानं आपला तुकडा राखायचा आणि त्या तुकड्यामागचं शेत कसायचं. बांध राखता आला नाही तर शेत दुसऱ्या घराकडे जायचं. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता, पण गावात तो शेंबड्या पोरालाही पाठ होता. मला मात्र दीड वर्ष राहूनही तो नीट कळला नव्हता, कारण मी ऐकण्यापेक्षा बोलतच जास्त होते.

काम मात्र झपाट्यानं चाललं होतं. गावानं श्रमदानातून विहीर बांधली, शाळेपर्यंत रस्ता केला. मग मुंबईहून काही हौशी मंडळी येऊ लागली. शिक्षक, कारकून, कॉलेजातल्या मुली, सगळे मे महिन्याच्या सुट्टीत वळकट्या घेऊन यायचे. त्यांनी म्हटलं, जागा आणि मेहनत तुमची, कौलं आणि दुधाची भुकटी आमची, इथे अनाथ मुलांसाठी एक घर उभं करू. गावानं ‘व्हय’ म्हटलं. घरटी एक माणूस कामाला आला आणि दोन महिन्यांत भिंती उभ्या राहिल्या. मुंबईकरांची अट एकच होती, घर सुरू करायला निदान बारा मुलं हवीत.

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी माझी गत. मुलं गोळा करायला मी चौलपर्यंत पायपीट केली. अकरा मिळाली. बारावं काही मिळेना, आणि मला झोप लागेना. शेवटी शोधायला गेलेलं समोरच सापडलं.

माझ्या खोलीपलीकडे एक विधवा बाई राहायची. मिठागरात काम करून करून तिच्या हातांची बोटं सुजून वाकडी झालेली. तिच्याकडे आठ-नऊ वर्षांची एक मुलगी होती. मुलीची आई शेजारीण होती, बाळंतपणात गेली. बाप मचव्यावर समुद्रात गेला तो परत आला नाही. बाईनं पोर उचलून घरात घेतली. नातं ना गोतं. मुलगी तिला ‘बय’ म्हणायची आणि दोघी एकाच ताटात जेवायच्या.

ते ताट बघून मला भडभडून यायचं. खरं कारण सांगते. मी स्वतः मामाच्या घरी वाढले. मामी वाईट नव्हत्या, पण दुसऱ्याच्या घरचा भात घशाखाली उतरताना जो आवाज होतो, तो मला लहानपणी रोज ऐकू यायचा. शाळेत मी कुणालाही आई नसल्याचं सांगितलं नाही. आई गावी असते, असं सांगायची. या पोरीला तरी हक्काचं ताट मिळावं, असं मला मनापासून वाटलं. त्यात बाराचा आकडा पुरा होत होता, हेही तितकंच खरं.

मी बाईला समजावलं. अंथरूण मिळेल, पाटी मिळेल, तुमच्यावरचं ओझं कमी होईल. ती बराच वेळ पोरीच्या केसांतून बोटं फिरवत बसली. मग एवढंच विचारलं, “दूध मिलंल का तिला रोज?”

“रोज,” मी म्हटलं.

“मग घेऊन जा गो बाय.”

मुलगी आली. रडली नाही, पण एका जागी ठरेना. दोन-तीन दिवसांआड दुपारी दारात येऊन उभी राहायची. “ताय, मी बांधावर जाऊन येतंय.” मी म्हणायची, नाही, आधी पाढे. तिला खेकडे पकडायला जायचंय, असा माझा पक्का समज झाला होता. दोनदा ती पळून गेली. दोन्ही वेळा मी तिला कानाला धरून आणलं आणि खांद्यापर्यंत चिखलानं माखलेले तिचे हात साबणानं घासून काढले. “अजून दोन रायलीत,” ती ओरडत होती. मी म्हटलं, राहू देत खेकडे. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं शाळामास्तर एखाद्या मठ्ठ मुलाकडे पाहतो. त्यानंतर तिनं विचारलंच नाही.

भाद्रपदातली अमावास्या आली. भात पोटरीला आलं होतं. भरदुपारी उधाणाचं पाणी चढलं आणि बाईच्या तुकड्यातून बांध फुटला. आधी दोन ठिकाणी झरे लागले, मग माती बसली आणि बैलगाडी जाईल एवढी खांड पडली. खारं पाणी सहा घरांच्या शेतांत शिरलं. ओहोटी लागताच सगळा गाव घमेली-पाट्या घेऊन धावला. मीही धावले. बाई खांडीच्या कडेला उभी राहून वाकड्या बोटांनी चिखलाचे गोळे टाकत होती आणि ते पाण्यात विरघळत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढे गावकी बसली. लोक संतापले होते, आणि का नसावेत? सगळ्यांत वयस्क आजोबांनी विचारलं, “भोकां कुनी बुजवली न्हायत?”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खेकडे बांधाला बिळं पाडतात. उधाणाआधी प्रत्येक बिळात हात घालून ते कुठवर गेलंय ते बघायचं आणि चिकणमाती ठासून बुजवायचं. बाईची बोटं बिळात जात नव्हती. ते काम चार पावसाळे ती पोर करत होती. मी जिला ओझं समजून उचलून आणलं होतं, तिच्या हातांवर बाईचं शेत उभं होतं.

बाई म्हणाली, “माझा बांध, माझी चूक.” माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही. “शेत दुसऱ्याला द्या. मना आता व्हायचा न्हाय.”

मी बोलले नाही तर शेत जाणार होतं. बोलले तर पोर बाईकडे परत जाणार, आमच्या अनाथ मुलांच्या घरात अकराच उरणार आणि मुंबईकर विचारणार, बारावी कुठे गेली? लाज वाटते सांगायला, पण मी क्षणभर तो हिशेब केला. मग उठले आणि जे तोंडाला येईल ते बोलत सुटले. पोर पुन्हा पुन्हा विचारायला आली, मी सोडलं नाही, पळाली तर ओढून आणली, बांध मी फोडला. बोलताना मला रडू फुटलं आणि रडण्याचाही राग आला.

आजोबांनी विचारलं, “ताय, आमच्या गावात कुनी पोर अनाथ हाय, असा आमी कवा बोललो?”

खरंच, कुणीच तसं म्हणालं नव्हतं. ते मी म्हणाले होते.

बाईचं शेत राहिलं. पोर त्याच दिवशी घरी गेली, अंथरूण बगलेत मारून, मागे वळूनही न बघता. मला शिक्षा अशी झाली की पुढच्या उधाणांना त्या तुकड्यावर मीही राबायचं. मुंबईकरांना मी खरं ते लिहिलं. ते नाराज झाले, पण भुकटी पाठवत राहिले. पुढे त्या घरात मुलं दिवसा शिकायला आणि दूध प्यायला यायची. ज्यांना कुणी जवळचं होतं, ती संध्याकाळी त्यांच्याकडे परतायची. अकरातल्या सात जणांना असं कुणीतरी होतं. मी विचारलंच नव्हतं.

कोजागरीच्या सकाळी पोर मला बांधावर घेऊन गेली. ती पुढे, मी मागे, साडी खोचून. बीळ दिसलं की ती पालथी पडायची, हात खुपसायची आणि सांगायची, “ह्यो आरपार हाय.” तिनं मला एक बीळ दिलं. मी दोन बोटं घातली, खेकडा चावेल म्हणून काढली, वरवर माती थापली आणि उठले. तिनं तो थर टाचेनं उडवला.

“ताय, तुमच्या आयशीनं तुमाला कायच शिकवला न्हाय काय?”

वीस वर्षं जी गोष्ट कुणाला सांगितली नव्हती ती तोंडातून निघून गेली. “मला आई नाही गं. मी तीन वर्षांची असताना गेली.”

वाटलं, आता ती थांबेल, माझ्याकडे बघेल, काहीतरी म्हणेल. ती चिखल मळत होती.

“मना पन न्हाय,” ती म्हणाली. “हात आत घाला. पानी येतंय.”

मी पालथी पडले आणि खांद्यापर्यंत हात आत घातला.