मोगरा की निशिगंध

अत्तरमावशी दिसल्या नाहीत तरी आम्हाला ऋतू कळायचा. जवाहरनगरच्या आमच्या जिन्यात मोगरा दरवळला की उन्हाळा लागला, निशिगंध आला की थंडी पडली. नवऱ्यामागे त्याच्या जागेवर कारखान्यात लागलेली ही आमची शेजारीण. ड्यूटीवरून आल्या की आंघोळ करायच्या आणि मनगटाला अत्तर लावायच्या.

बाटल्या दोनच, पण नियम पक्के. “मोगरा हलका असते, घामातही हासते. निशिगंध भारी, थो थंडीत लावाव, लगनात लावाव. उन्हात लावला तं आपल्याआधी वासच खुर्चीवर बसते.”

मी तेव्हा समतेची पत्रकं वाटत फिरायचे. अत्तर म्हणजे चैन, असं त्यांना सुनावलंही होतं. “तुह्या पत्रकाले शाईचा वास येते,” त्या म्हणाल्या, “थो बरा चालते तुले!”

मग त्यांच्या सुजाताचं लग्न ठरलं, ऐन मे महिन्यात. आमच्यात लग्न बुद्धवंदना घेऊन लागतं, भाषणात समता असते आणि विधवा आई मात्र मागच्या रांगेत बसते. ही लबाडी मला सहन होत नव्हती. लग्नाच्या सकाळी मावशी दोन्ही बाटल्या पुढ्यात घेऊन बसलेल्या दिसल्या. मी लगेच विधवांच्या हक्कावर सुरू झाले.

“थांब वं माय! लावणार तं हावोच. उन्हाळा म्हणून मोगरा, का लगन म्हणून निशिगंध, थे सांग.”

मी हसत सुटले. मोगरा ठरला.

मांडवात करडी गावच्या त्यांच्या थोरल्या नणंदेने नाक मुरडलं. त्याही विधवाच. “पोरीच्या लग्नात अत्तर? लोक काय म्हणतीन?”

“बाई, निशिगंध नाही लावला. मोगरा आहे, हुंगून तं पाहा,” म्हणत मावशींनी नणंदेच्याच मनगटावर अत्तराचं बोट फिरवलं.

नणंदबाईंनी हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग दुसरा हात पुढे केला. “यालेही लाव.”

मागची सगळी रांग मनगटं पुढे करून बसली. बाटली रिकामी झाली आणि मावशी सुजाताशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. माझी पत्रकं पिशवीतच होती.

रिटायर होऊन त्या लेकीकडे गेल्या, तेव्हा निशिगंधाची बाटली माझ्या हातात दिली. “थंडीत उघडजो. पत्रकं वाटताना लाव, लोक जवळ येतीन.”

दर हिवाळ्यात लावते. येतात.