नवस माझा, उपास त्यांचा

थोरल्याला टायफॉइड झाला तेव्हा घाबरून मी औंढ्याच्या नागनाथाला नवस बोलले. लेकरू उठून बसलं की आम्ही सासू-सुना पाण्याचा थेंबही तोंडात न घालता दर्शनाला येऊ. माझ्या एकटीच्या उपासाला वजन पडणार नाही असं वाटून मी सासूबाईंनाही त्यात ओढलं. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. विचारलं मात्र नव्हतं. त्यांना साखरेचा आजार आहे हेही मला ठाऊक होतं, पण नवस मोडला तर दुखणं उलटेल या धास्तीपुढे दुसरं काही सुचत नव्हतं.

पोरगा बरा झाला. नव्वदच्या दशकातली गोष्ट. एका सोमवारी पहाटे आम्ही परभणीहून एस.टी.त बसलो. आत्याबाईंनी साखरेची नेहमीची गोळी काढली आणि पाणी चालणार नाही म्हणून कोरडीच गिळली. मी पाहिलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. हे लिहिताना आजही तोंड लपवावंसं वाटतं.

हट्ट्याच्या अलीकडे गाडी पंक्चर झाली. खाली उतरलो तोच आत्याबाईंना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. समोरच पत्र्याचं छोटं हॉटेल होतं. हॉटेलवाला चहा उकळत होता, बायको भजी तळत होती, त्याची म्हातारी आई कांदा चिरत बसली होती. आम्हाला बघताच ती बाई कढई सोडून धावली आणि तिने आत्याबाईंना घरच्या बाजेवर बसवलं.

"सकाळपून काय खाल्लं यायनं?"

"काही नाही. नवस आहे."

"कोण बोललं नवस?"

"मी."

"मंग ह्या मायला काहून उपाशी मारून राहिल्या तुमी?"

तिने गोड चहा आणि भिजवून फोडणी दिलेल्या कुरमुऱ्यांची गरम सुशीला आणली. आत्याबाईंनी पेला ओठांपर्यंत नेला, थांबल्या आणि माझ्याकडे पाहिलं.

"पिऊ का गं बाई?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या घरात त्यांनी जन्मभर सगळ्यांना वाढलं, त्या घरच्या सुनेला त्या घोटभर चहासाठी विचारत होत्या. मी मान डोलावली. कांदा बाजूला सारून म्हातारी शेजारी येऊन बसली आणि "घे माय, अजून एक घास" म्हणत त्यांना भरवत राहिली. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. निघताना त्या माणसाने पैसे इतके थोडे सांगितले की मी पुन्हा विचारलं. "रोजचाच भाव हाय, ताई," तो म्हणाला.

गाडी नेमकी तिथेच का थांबली, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. त्या घराचे उपकार मात्र विसरणं शक्य नाही.

औंढ्याला आम्ही वाकून तळघरातल्या गाभाऱ्यात उतरलो. मला क्षमा मागायची होती, पण माझ्याआधी आत्याबाईंनी पिंडीवर डोकं टेकलं. त्या पुटपुटत होत्या, "मी खाल्लं रे देवा. मलाच भूक सोसली न्हाई. काय करायचं ते मला कर, लेकराला अन् सुनंला बोल लावू नको."

मला रडू आवरेना. तेव्हापासून मी देवाला कसलीच अट घालत नाही. त्याला द्यायचं ते तो देतो. मी आधी घरातल्यांना जेवू घालते आणि मग हात जोडते.