कोपऱ्यातला श्री

होडी कलंडली तेव्हा शिवा हरकाऱ्यानं मला धरलं नाही, टपालाची थैली धरली. एका हातानं थैली डोक्यावर, दुसऱ्या हातात घुंगरांची काठी. ती काठी त्यानं माझ्यापुढे केली आणि ओरडला, "वैनी, टोक धरा! सोडू नका!"

मी धरलं. खारं पाणी नाकातोंडात गेलं होतं. मी हलले की घुंगरू वाजत. पोशा तांडेल, होडी त्याची, उलट्या होडीला लटकून शिव्या देत होता. कोणाला, ते त्यालाच ठाऊक. त्याच्या पलीकडे दिघीचे दाऊदचाचा. त्यांच्या हातात मिटलेली छत्री.

"चाचा, ती छत्री सोडा आधी!" पोशा ओरडला.

"अरे, नवी हाय!"

भरतीनं आम्हांला दिघीकडच्या चिखलात लोटलं. कमरेएवढ्या चिखलात उभी राहिले तेव्हा कळलं की बुडालो नाही.

हे राजपुरीच्या खाडीतलं, श्रावणातलं. नबाबी जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मुंबईच्या बोटी दर वर्षी पावसाळाभर बंद असत, मग टपाल माणसाच्या पायांनी जाई. मुरुडहून आगरदांडा, होडीनं खाडी पार करून दिघी, तिथून डोंगर चढून पलीकडची गावं. थैली पाठीवर घेऊन हा रस्ता धावणारा तो हरकारा. बायाबापड्यांना कुठे जायचं असलं की त्या हरकाऱ्याबरोबर निघत. त्याच्यासोबत पाठवायला घरचे घाबरत नसत. माझ्या धाकट्या बहिणीचे दिवस भरत आले होते म्हणून मी तिच्याकडे निघाले होते. तिच्या गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून आहेत.

दाऊदचाचांचं घर धक्क्याजवळच होतं. त्यांच्या बायकोनं, हाजराचाचीनं, मला कोरडं लुगडं दिलं आणि हातावर दोन सांदणं (तांदळाच्या रव्याची वाफवलेली गोड वडी) ठेवली. शिवा ओटीवर उभाच. थैलीतून पाणी निथळत होतं.

"उघड आणि चुलीपाशी वाळव," मी म्हटलं.

"लाख दिसते का, वैनी? थैलीच्या तोंडावरची ही लाख पोस्टातले मास्तर तोडतील. मी तोडली तर मी चोर."

"आणि आतलं सगळं धुऊन गेलं तर?"

"म्हणून तर चाललो. आज मी तुमच्यासाठी थांबणार न्हाय. पाय हायत तर या मागून."

पाय होते. सांदणं खात खात मी त्याच्यामागे निघाले. चढ निसरडा होता, लुगडं परक्याचं, आणि तो धावत होता. मी मागे राहिले नाही. वर पोचून एकदाच वळून पाहिलं. खाडी शांत पडलेली, आणि मुखाशी जंजिरा काळा भिजलेला. आम्हांला बुडवायला निघालेली खाडी हीच का, असं वाटलं.

डोंगर उतरल्यावर भातशेतं लागली. बेणणी (शेतातलं तण काढणं) करणाऱ्या बायका घुंगरू ऐकून डोक्यावरची इरली सावरत उभ्या राहत.

"माझं काय हाय का रं, शिवा?"

"थैली बंद हाय, मावशी. संध्याकाळी कळंल."

प्रत्येक शेतात हेच. प्रत्येक शेतात तो तितक्याच नीट उत्तर देई, न थांबता.

दुपारी बहिणीच्या गावच्या पोस्टात पोचलो. मास्तरांनी लाख तपासली, मग तोडली. आतल्या पत्रांचा गोळा झाला होता. त्यांनी घरातून शेगडी आणि चार सुपं मागवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"वाचता येतं?"

"चौथी झालेय."

"मग वाचायचं नाही. नुसतं सोडवायचं."

मी सोडवलं. एकेक कार्ड गोळ्यापासून हळूच सुटं करून सुपात. मोठ्या अक्षरातले पत्ते पसरले होते, पण नावापुरते लागत. मजकुराच्या बारीक ओळी मात्र पार निळ्या झाल्या होत्या. मास्तर म्हणाले, "दर पावसाळ्यात एकदा तरी भिजतं. पण उशीर झालेला नाही, बाई. आजचं आजच जाईल." आणि गेलं. कार्डं पुरती सुकलीही नव्हती तेव्हा पोस्टमन ती घेऊन निघाला.

मास्तरांच्या बायकोनं चहा दिला. कप धरताना दिसलं, माझ्या तळव्याला कागदाचा तुकडा चिकटलाय. कार्डाचा कोपरा. त्यावर पेन्सिलीनं 'श्री'.

माझ्या हातून कप सुटला.

त्या काळी मयताची बातमी असली की कार्डाचा कोपरा फाडून पाठवत. असं कार्ड कोणी घरात नेत नसे. पोस्टमनही ते हातात देत नसे, अंगणात टाकून मान खाली घालून निघून जाई. मजकूर तर आधीच धुतला गेला होता. आता त्या कार्डावर वाचण्यासारखं एकच उरलं होतं, ते म्हणजे फाटका कोपरा. आणि तो मी फाडला होता.

"कोणाचं कार्ड होतं?" मास्तरांनी विचारलं.

"पाहिलं नाही. तुम्हीच वाचू नको म्हणालात."

तुकडा मुठीत घेऊन मी धावत सुटले. घर विचारावं लागलं नाही. खालच्या आळीतून रडणं ऐकू येत होतं.

अंगणात कार्ड पडलं होतं. ओटीवर म्हातारी कपाळ बडवत होती. तिची सून लक्ष्मी भिंतीला टेकून बसली होती, डोळे कोरडे. तिचा नवरा परदेशी बोटीवर खलाशी होता. एक शेजारीण लक्ष्मीचा हात धरून वरवंट्यानं बांगड्या फोडत होती. दोन फुटल्या होत्या.

"थांबा!" मी ओरडले. "कोपरा मी फाडलाय!"

"कोण गो तू?" म्हातारी उसळली. "सुतकाच्या घरात शिरतेस, लाज न्हाय?"

"सुतक नाही. पोस्टात कार्डं भिजली होती. सोडवताना माझ्या हातून फाटलं. हे बघा."

मी कार्ड उचललं आणि तुकडा जोडून दाखवला. बसला. पण शेजारीण वरवंटा खाली ठेवीना. "कुणी सांगावं," ती म्हणाली, "आधीच फाटलेलं असंल." मयताच्या पत्रावर श्री लिहीत नाहीत हे मी सांगू लागले, तोवर लक्ष्मीनं माझ्या हातातून तुकडा ओढून घेतला. तिला वाचता येत नव्हतं. तिनं तो डोळ्यांजवळ नेला.

"हा त्यांचा हाय," ती म्हणाली.

"काय त्याचा?" म्हातारी.

"श्री. त्यांना येवढंच लिवता येतं. बाकीचं बोटीवरचा कारकून लिवतो. आत्या, शेपूट बघा. उलटं हाय."

म्हातारीनं तुकडा घेतला, पाहिला, पुन्हा पाहिला. मग तिथेच बसून मोठ्यानं म्हणाली, "मेल्याला शंभरदा सांगितलं, शेपूट सरळ काढ!" आणि आता मात्र खरी रडली. लक्ष्मीही.

जरा वेळानं म्हातारीनं डोळे पुसले आणि माझ्याकडे वळली. "आणि तुझे हात हायत का कोयते?" तिचं बरोबर होतं.

कार्डात बाकी काय लिहिलं होतं ते कोणालाच कळलं नाही.

बहिणीचं बाळंतपण आटोपून महिन्यानं परत निघाले, शिवाबरोबरच. नारळी पुनव होऊन गेली होती, तरी बोटी सुरू व्हायला अवकाश होता. धक्क्यावर पोशाची तीच होडी. शिवानं थैली मेणकापडात गुंडाळून, ती तरंगावी म्हणून तिला एक रिकामा डबा बांधला होता.

"मला काय बांधणार?" मी विचारलं.

"तुमाला काठी हाय की."

त्या दिवशी मला त्याचा राग आला होता, हे खरं. घरीही सगळ्यांनी विचारलं, माणूस सोडून थैली धरतो का कोणी? मी पुष्कळ विचार केला आहे. मी एकटी होते. थैलीत पाच गावं होती. आणि मलाही त्यानं सोडलं नव्हतंच. आज पत्र कुठे भिजलं की लोक टपाल खात्याला नावं ठेवतात. मी ठेवत नाही. मी त्या थैलीमागे अनवाणी डोंगर चढलेली आहे.

होडीत आम्ही चौघं होतो, चौघंही वाचलो. लक्ष्मीचा नवरा दिवाळीआधी घरी आला.