अकरा घरांची एक घंटी

आजकालची पोरं धंदा काढण्याआधी मार्केट मोजतात. मीही मोजलं होतं. श्रीगोंद्याकडच्या एका वस्तीवर बांधावर उभा राहून बोटांवर मोजलं. अकरा घरं, अकरा विहिरी, अकरा मोटारी, म्हणजे अकरा घंट्या. इतकं सोपं गणित मला शाळेत कधी सुटलं नव्हतं, तिथंच शंका यायला हवी होती.

एकाहत्तर-बहात्तरचा सुमार असेल. नगरच्या एका तांत्रिक शाळेत मी शिकवत होतो. तीन महिन्यांची बिनपगारी रजा टाकली, केडगावात एक पत्र्याची खोली घेतली आणि तिला कारखाना म्हणायला लागलो. साहेब मीच आणि कामगारही मीच, त्यामुळे साहेबाच्या नावानं बोटं मोडायचीसुद्धा सोय नव्हती. रजेत घंट्या खपल्या तर राजीनामा, नाहीतर रजा संपताच सोमवारी मुकाट शाळेत हजर, असं वडिलांशी ठरलं होतं. "पोटाला काय घंट्या खाणार?" एवढंच ते म्हणाले होते. मला परत जायचं नव्हतं. कानस कशी धरावी हे सांगत सांगत म्हातारं व्हायची मला खरोखर भीती वाटायची.

यंत्र अगदी साधं होतं. तेव्हा शेतावरची वीज लहरी पाहुण्यासारखी, कधी येईल आणि कधी जाईल याचा नेम नसे. तिची वाट बघत घरातलं एक माणूस दिवसभर विहिरीवर बसून राही. माझी घंटी घरात टांगायची आणि तिची तार विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीला जोडायची. वीज आली की घंटी वाजणार, मग उठून मोटार चालू करायची.

पहिली घंटी वस्तीच्या मधोमध असलेल्या घरानं घेतली. घरधनी अबोल, सगळा कारभार बाईंच्या हातात. त्यांना मी वहिनी म्हणायचो. पहिलीच घंटी म्हणून मी तिच्यात जीव ओतला. तिला एवढी दांडगी पितळी वाटी बसवली, की पहिल्यांदा वाजली तेव्हा गोठ्यातल्या बैलानं दावं तोडलं. मी ते दावं कौतुकानं हातात घेऊन बघितलं होतं.

पुढं अडीच महिने दुसरी घंटी खपेना. शेवटी शेजारच्या म्हाताऱ्याला कारण विचारलं.

"आमाला कशाला?" तो म्हणाला. "वहिनीची लख्ख ऐकू येती की. समद्या मोटारी एकाच तारंवर. तिच्याकडं लाईट आली म्हंजी आमच्याकडंबी आलीच."

गावात पेपर एक जण घेतो आणि पन्नास जण वाचतात, हे मी लहानपणापासून बघत आलो होतो. पण तो नियम आपल्या मालालाही लागू पडेल, हे डोक्यात आलं नव्हतं.

रजेतला शेवटचा शनिवार उजाडला. तपासणीच्या निमित्तानं मी वस्तीवर गेलो आणि वहिनींच्या कानाशी लागलो. "अकरा मोटारी एकदम चालू झाल्या की वीज मंदावते. तुमची मोटार नुसती गुरगुरत राहते. घंटी हळू वाजली तर निदान सुरुवातीचं पाणी तुम्हाला जोरात मिळेल."

"व्हय, गुरगुरती खरी," असं म्हणत त्या चहा टाकायला आत गेल्या.

मी ते होकार म्हणून धरून चाललो. स्टुलावर चढलो आणि वाटी नि तिच्यावर आपटणाऱ्या हातोडीच्या मध्ये माझा हातरुमाल कोंबला. बाकीच्या दहा घरांची आजची वीज चुकली, की उद्या तीच दहा घरं माझ्यामागं लागणार, असा हिशेब होता. चहा आला. बशीत ओतून पहिला घोट घेतोय तोच वीज आली आणि घंटी दमेकऱ्यासारखी खुरखुरली. आजूबाजूला कुणाचं दार वाजलं नाही. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

वहिनींनी घंटीचं बटण बंद केलं, पदर खोचला आणि बाहेर पडल्या. मला वाटलं, निघाल्या आपली मोटार चालू करायला. पण त्या पळत सुटल्या त्या टोकाच्या घराकडं. "लाईट आली गं," अशी हाळी देत भर उन्हात, अनवाणी, ढेकळांतून त्या दहाच्या दहा दारांवर गेल्या. स्वतःच्या विहिरीवर पोचल्या सगळ्यात शेवटी. तोवर दहा मोटारी चालू झाल्या होत्या आणि वहिनींची नुसती गुरगुरत होती.

मला लाज वाटली. चहा तसाच ठेवून मी स्टुलावर चढलो आणि रुमाल ओढून काढला. तो खिशात जायच्या आत वहिनी धापा टाकत दारात उभ्या होत्या. त्यांनी घंटीकडं बघितलं, मग माझ्या हाताकडं.

"वहिनी, चुकलं माझं," मी म्हणालो. "एकच घंटी खपली. सोमवारी नोकरीवर परत जावं लागणार, म्हणून डोकं फिरलं."

त्यांनी तांब्या उचलला आणि घटाघटा पाणी प्याल्या. पायाच्या अंगठ्याला ठेच लागून रक्त आलं होतं, तिकडं त्यांचं लक्षही नव्हतं.

"माझं माहेर शेवगावाकडं हाय," त्या म्हणाल्या. "तकडं वस्त्या लई. एकीवरबी घंटी न्हाई. एका वस्तीला एकच लागंल, पर मोठ्यानं वाजनारी द्या. माझ्या भावाला सांगा, मी धाडलंय म्हनून. त्यो फिरवील तुमाला."

मी पिशवी उचलली आणि उंबऱ्यापाशी आलो. त्यांनी हात पुढं केला.

"रुमाल तेवढा हितं ठिऊन जावा."

मी रुमाल त्यांच्या हातावर ठेवला आणि सोमवारी सकाळी शेवगावची एसटी धरली.