न दिलेला असिस्ट

आइस हॉकीत गोल झाला की तो एकट्याच्या नावावर जात नाही. पक म्हणजे रबराची काळी चकती. ती ज्यानं जाळ्यात मारली त्याला गोल मिळतो. ज्यानं त्याला पास दिला त्याला असिस्ट मिळतो, आणि त्याच्याही आधी ज्यानं पास दिला त्यालाही असिस्ट मिळतो. ही तीन नावं कागदावर लिहिण्याचं काम मी बावीस वर्षं केलं. सात वर्षांपूर्वी, मार्चमधल्या एका शनिवारी दुपारी, त्यातलं एक नाव मी लिहिलं नाही. चुकून राहिलं नाही, मी ते गाळलं. आता मी शहात्तर वर्षांचा आहे आणि लोक मला प्रामाणिक समजतात, म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

आम्ही तेव्हा टोकियोच्या उत्तरेला डोंगरातल्या एका लहान गावात राहत होतो. तिथे तांब्याच्या तारांचा कारखाना होता. त्याच्या प्रयोगशाळेत मी पुण्याहून येऊन लागलो आणि निवृत्त होईपर्यंत राहिलो. हॉकीची टीम आधी कारखान्याची होती. पुढे कारखान्यानं हात काढून घेतला आणि गावानं ती सांभाळली. लीगमध्ये जपानचे आणि कोरियाचे संघ, एके काळी चीन आणि रशियाचेही होते. एवढ्याशा आमच्या गावात परदेशी संघ खेळायला यायचे याचा गावाला फार अभिमान होता. माझे आकडे सुवाच्य, म्हणून कुणीतरी मला स्कोअररच्या टेबलावर बसवलं, आणि मी बसलो तो बसलोच.

प्रयोगशाळेत माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणारा माझा मित्र तरुणपणी याच टीममध्ये बचावफळीत खेळलेला. त्याची बायको गेली तेव्हा त्याचा मुलगा आठ वर्षांचा होता. मित्राला पाळीची ड्यूटी असायची, म्हणून सराव संपला की मुलगा आमच्या घरी यायचा. आम्हाला मूलबाळ नव्हतं. माझी बायको त्याला गरम वरणभात वाढायची, वर तूप. त्याच्या हातमोज्यांना कुबट वास यायचा, ते हीटरसमोर वाळत घालायची. तो तिला ‘काकू’ म्हणायला शिकला. मला मात्र ‘ओजिसान’च म्हणत राहिला. रस्त्यात भेटणाऱ्या कुठल्याही मध्यमवयीन माणसाला जपानी मुलं असंच म्हणतात. मी एकदा बायकोला म्हटलं, “त्याला ‘काका’ म्हणायला शिकव की.”

ती म्हणाली, “शिकवून म्हणण्यात काय मजा? आपणहून म्हणेल तेव्हा खरं.”

त्यानं कधीच म्हटलं नाही.

मुलगा मोठा झाला आणि बापासारखाच बचावपटू झाला. बचावपटू गोल फारसे करत नाहीत. मागून पास देतात आणि पुढच्यांनी केलेल्या गोलांमध्ये वाटेकरी होतात. सदतिसाव्या वर्षी त्यानं जाहीर केलं की हा आपला शेवटचा सीझन. त्याचे ब्याण्णव असिस्ट झाले होते. आमच्या टीममध्ये कुठल्याही बचावपटूचे शंभर झाले नव्हते, त्याच्या बापाचेसुद्धा. सीझनच्या पहिल्या सामन्याला निघताना माझी बायको थर्मासमध्ये चहा भरत म्हणाली, “शंभर झाल्याशिवाय मी त्याला सोडत नाही.”

आता मला जे खुपायचं ते सांगतो. स्कोअररचं टेबल बर्फाच्या एका कडेला, काचेमागे, शिक्षा झालेल्या खेळाडूंच्या दोन कोठड्यांच्या मधोमध असतं. प्रेक्षक समोरच्या बाजूला. म्हणजे ती आणि माझा मित्र सप्टेंबर ते मार्च माझ्या बरोबर समोर, एकाच ब्लँकेटमध्ये पाय गुंडाळून बसायची आणि मधे तीस मीटर रुंदीचं गारठलेलं मैदान. त्यांचा आवाज मला येत नसे, नुसतं दिसायचं. तिच्या जपानीत क्रियापद सापडलं तर सापडलं, त्याला मराठीतले वीसेक शब्द येत. तरी त्यांचं बोलणं संपायचं नाही. ती त्याला ‘भावजी’ म्हणायची आणि तो वळून बघायचा. ती हसताना मागे रेलायची, पदर नसला तरी पदर सावरल्यासारखा हात खांद्याकडे न्यायची. घरी तसं हसलेली मला आठवत नव्हती. आता वाटतं, घरी मी तसं काही बोलतच नव्हतो.

संशय नव्हता. तसला संशय असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. त्यांच्यात काही नव्हतं आणि तरी माझ्या वाटणीचं काहीतरी तिकडे जात होतं. मुलगा त्याचा, गाव त्याचं, खेळ त्याचा, आणि आता हीसुद्धा त्याच्याच बाजूच्या बाकावर.

जानेवारीत टीम कोरियाला दोन सामने खेळायला गेली. टीमच्या चाहत्यांचा गट बरोबर निघाला. स्कोअररचं काम फक्त घरच्या सामन्यांना असतं, त्यामुळे मला जाता आलं असतं. “तुम्ही पण चला की,” ती तीनदा म्हणाली. मी म्हटलं, थंडी फार आहे. ती म्हणाली, “आणि इथे काय उन्हाळा आहे?” मी गेलो नाही. ती रोज फोन करायची.

“अहो, सत्त्याण्णव झाले! भावजी तर रडलेच.”

“दूध संपलंय,” मी म्हटलं.

“मग आणा ना, कोपऱ्यावर तर दुकान आहे. ऐका, पास असा दिला त्यानं, मधून, दोघांच्या पायांमधून...”

ती परत आली तेव्हा स्वेटरवर टीमची जर्सी घातलेली होती. चाहत्यांनी काढलेला एक फोटो रिंकच्या दारातल्या फलकावर लागला: माझा मित्र, मुलगा आणि मध्ये ती. खाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘कुटुंब’. दर सामन्याला मी त्या फोटोसमोरून आत जायचो.

मार्चमध्ये घरचा शेवटचा सामना होता, कोरियाच्याच एका संघाशी. मुलाचे नव्याण्णव झाले होते. स्टँड भरलेला, ढोल वाजत होते. तिसऱ्या आणि शेवटच्या पिरियडमध्ये आम्ही एका गोलनं पुढे होतो. मुलानं आपल्या गोलमागून लांब पास काढला. मध्यरेषेजवळ तो कोरियन खेळाडूच्या काठीला नुसता चाटून गेला, आमच्या एका खेळाडूनं घेतला, पुढे दुसऱ्याला दिला आणि त्यानं जाळ्यात मारला.

नियम सोपा आहे. मधे प्रतिस्पर्ध्याचा पकवर ताबा आला असेल तर आधीच्या पासचा असिस्ट मिळत नाही. नुसता स्पर्श झाला तर मिळतो. हा स्पर्श होता. मी पाहिला. माझ्या शेजारी घड्याळ सांभाळणाऱ्या बाईंनीही पाहिला.

रेफरी काचेतल्या फटीशी आला. त्याचं लक्ष गोलपाशी होतं, म्हणून त्यानं मला विचारलं, “असिस्ट दोन?”

मी उत्तर देण्याआधी समोर बघितलं. माझी बायको उभी राहिली होती. दोन्ही हात माझ्या मित्राच्या खांद्यांवर ठेवून ती उड्या मारत होती, त्या वयात, त्या गुडघ्यांवर. त्यांनी आधीच शंभर मोजले होते. मला कुणी विचारलंही नव्हतं.

“एक,” मी म्हटलं. “मधे ताबा गेला होता.”

शेजारच्या बाई हळूच म्हणाल्या, “दोन ना?”

“ताबा होता,” मी म्हटलं आणि लिहिलं.

लाउडस्पीकरवर गोल करणाऱ्याचं नाव आलं, एका असिस्टचं आलं, आणि तिसरं नाव आलं नाही. ढोल थांबले. आमच्या टीमचा कप्तान रागानं टेबलाकडे येऊ लागला. मुलानं त्याची बाही धरून त्याला मागे ओढलं. काचेपलीकडून मला त्याचं बोलणं स्पष्ट ऐकू आलं.

“ओजिसाननी पाहिलंय. ते नाही म्हणाले तर नाही.”

फॉर्मवर सह्या होईपर्यंत नोंद बदलता येते. सामना संपल्यावर तो फॉर्म माझ्यासमोर दहा मिनिटं पडून होता. मी सही केली.

सामन्यानंतर आम्ही गाडीनं घरी निघालो. बोगदा ओलांडल्यावर बायको म्हणाली, “तुम्ही पककडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता. मला दिसलं.”

मी समोरची काच हातानं पुसली.

“तसं म्हणा. लक्ष नव्हतं म्हणा. माणसाचं होतं असं. उद्या भावजींना मी सांगते.”

तिनं मला सुटकेचं दार उघडून दिलं होतं. मी म्हटलं, “लक्ष होतं. ताबा होता.”

“बरं,” ती म्हणाली. त्यानंतर तिनं हा विषय काढला नाही, आणि मला काही मोकळेपणानं विचारणंही सोडून दिलं.

पुढचे सामने बाहेरगावी झाले. त्यांत त्याला असिस्ट मिळाला नाही आणि तो नव्याण्णववर निवृत्त झाला. निरोपाच्या समारंभात त्यानं स्कोअररच्या टेबलाकडे वळून कमरेत वाकून नमस्कार केला. माझा मित्र गावभर सांगत सुटला, “माझ्या पोराचा होता, तरी यानं दिला नाही. असा माणूस पाहिजे.” गावाच्या पत्रकात माझ्याबद्दल चार ओळी छापून आल्या. मी त्या नाकारल्या नाहीत.

नंतर माझ्या तब्येतीमुळे आम्ही टोकियोजवळ इचिकावाला पुतण्याजवळ राहायला आलो. गेल्या वर्षी टोकियोतल्या निशी-कसाईत मराठी मंडळाचा गणपती होता. मला चार शब्द बोलायला उभं केलं. ओळख करून देणाऱ्यानं ही गोष्ट सांगितली: मित्राचा मुलगा, शंभरावा असिस्ट, आणि तत्त्वाला चिकटलेला मराठी माणूस. टाळ्या झाल्या. पुढच्या रांगेतल्या दहा-अकरा वर्षांच्या एका मुलीनं जपानीत विचारलं, “पण व्हिडिओ बघितला का?”

सगळे हसले. तिची आई ओरडली, “अगं, आजोबांशी असं बोलतात का?”

व्हिडिओ आहे. मी तो एकट्यानं पाहिला आहे, किती वेळा ते सांगत नाही. त्यात काठीचं पातं हलतसुद्धा नाही. कुणी बारकाईनं पाहिलाच नसावा, कारण माझ्या शब्दानंतर बघण्याची गरज कुणाला वाटली नसावी.

मोदकाचं ताट हातात घेऊन मी बायकोशेजारी बसलो. म्हटलं, “मी त्याला सांगून येतो.”

तिनं कशाबद्दल ते विचारलं नाही. “मी येणार नाही,” म्हणाली. “माझ्या आडून बोलाल.”

हिवाळ्यात मी एकटा त्या डोंगरातल्या गावी गेलो. मित्र अंगणातलं बर्फ फावड्यानं बाजूला करत होता. ऐंशीला टेकला तरी पाठ सरळ. मला बघून खूश झाला, आत चल म्हणाला. मी म्हटलं, आधी इथेच ऐक. आणि सांगितलं. जपानीत ‘मत्सर’ हा शब्द मला चाळीस वर्षं माहीत होता, कधी स्वतःबद्दल वापरला नव्हता.

त्यानं फावडं भिंतीला टेकवलं.

“त्या दिवशी घरी पोरगं रडलं होतं,” तो म्हणाला. “मी त्याला ओरडलो. म्हटलं, पास नीट दिला असतास तर मधे ताबा गेलाच नसता. सात वर्षं तो मानतो की पास त्यानं वाईट दिला.”

मला हे माहीत नव्हतं.

“पास चांगला होता,” मी म्हटलं. “त्याहून चांगला देता आला नसता.”

“मला काय सांगतोस? त्याला सांग.” मग म्हणाला, “आणि ओकुसानला माझा नमस्कार सांग.” ओकुसान म्हणजे माझी बायको. तो आत गेला आणि दार लावून घेतलं. मला चहा विचारला नाही.

मुलगा आता रिंकवर लहान मुलांना शिकवतो. मी कठड्याशी उभा राहून त्यालाही सगळं सांगितलं. त्यानं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाला, “मला वाटायचं माझं मनगट तेव्हाच गेलं होतं.” एवढंच बोलला आणि मुलांकडे परत गेला. लीगच्या कार्यालयाला मी पत्र लिहिलं. सही झालेली नोंद बदलता येत नाही, असं अतिशय नम्र उत्तर आलं. म्हणजे कागदावर त्याचे नव्याण्णवच राहणार, आणि खाली माझी सही.

मित्र माझ्याशी बोलत नाही. दर रविवारी सकाळी फोन करतो, तो तिला. ती स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून त्याच त्या मोडक्या जपानीत बोलते, ‘भावजी’ म्हणते. मी बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसतो. त्या दोघांना बोलायचा हक्क आहे, मला तक्रार करायचा नाही, हे सगळं मला समजतं. मागच्या रविवारी ती बराच वेळ बोलत होती. शेवटी ती बाहेर आल्यावर मी म्हटलं, “काय म्हणत होते एवढं?”

“मुलगा म्हातारपणी पुन्हा खेळायला लागलाय, हौशी संघात. पासचा सराव करतो म्हणे रोज.”

“आणखी?”

“आणखी काही नाही,” ती म्हणाली आणि आत गेली. मला माहीत आहे, आणखी बरंच होतं. मी पेपर पुन्हा वर धरला. खरं सांगायचं असं ठरवलंच आहे, तर हेही सांगतो: मला तेव्हाही तसंच झालं, त्या शनिवारी काचेमागे झालं होतं तसंच.