होयबाईचं काम कुणी सांगायचं

घरात ती शेंडेफळ. आई, वडील, दोन थोरल्या बहिणी आणि ज्यांच्या घरात सगळे राहत ते मोठे काका. बहिणींची शिक्षणं अर्ध्यावर राहिली, ही मात्र इमारतींचे नकाशे शिकवणाऱ्या कॉलेजात जाऊन बसली. वडील शाळेची बस चालवत. मोठ्या भावापुढे कधी मान वर न केलेला तो माणूस पोरीसाठी एकदाच बोलला, आणि काका म्हणाले होते, "शिकू दे. पण एक वर्ष जरी वाया गेलं, तर दुसऱ्या दिवशी घरात." काकांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

कॉलेजात पहिल्याच आठवड्यात सरांनी पाच-पाच जणांचे गट करायला सांगितले. गर्दीत पानं वाढताना एखादं माणूस चुकून राहून जातं ना, तशी ही उरली. भिंतीला टेकून उभी होती. तेवढ्यात एका मुलानं हात हलवून बोलावलं, "ये गं, आमच्यात एक जागा आहे." तो मुलगा सगळ्यांवर हुकूम सोडायचा, म्हणून वर्गानं त्याला मुकादम नाव ठेवलं होतं. त्याच्या गटात दोन जिवलग मैत्रिणी होत्या, सख्ख्या बहिणी नसूनही जुळ्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, आणि एक मौनी, जो हजेरीलासुद्धा नुसता हात वर करी.

त्या एका "ये गं"चे उपकार तिनं किती मानावेत? मुकादम म्हणाला, भिंती तू काप, तर ही हो म्हणाली. जुळ्यांनी आपले नकाशे पुढे सरकवले, तर ही हो म्हणाली. शेवटी गटानं तिचं बारसंच केलं, होयबाई. तीही हसली. हसली नसती तर काय केलं असतं? आई नेहमी सांगे, आपण करत राहावं, देव बघतो. बघतो हे खरंच. पण सरांच्या टेबलाशी बसून साक्ष द्यायला देव येत नाही, हे त्या पोरीच्या ध्यानात यायला उशीर झाला.

वर्षाचं मोठं काम होतं एका लहान दवाखान्याचं पुठ्ठ्याचं मॉडेल. प्रवेशाचा भाग मुकादमानं आपल्या नावावर घेतला, पायऱ्यांशेजारचा, चाकाच्या खुर्च्यांसाठीचा उतार धरून. कापाकापी मात्र सगळी होयबाईनं केली. पहिला उतार फार खडा झाला. तेव्हा ही एकटी खऱ्या दवाखान्यात जाऊन बसली आणि आजाऱ्यांच्या खुर्च्या ढकलणाऱ्या बाईला विचारून आली. बाई म्हणाली, चढताना नाही गं, उतरताना जीव घाबरतो. मग हिनं उतार मोडला, मध्ये वळण घेऊन परत केला. बोटांना चिकटपट्ट्या लावून घरी जायची. आई विचारायची, तर म्हणायची, भाजी चिरताना लागलं. आईनं मनात म्हटलं असेल, या पोरीनं भाजी कधी चिरली?

परीक्षेच्या आधी सरांनी आपली रीत सांगितली. कुणी स्वतःचं काम सांगायचं नाही. गोल बसायचं आणि आपल्या डाव्या हाताला बसलेल्याचं काम सांगायचं. ज्याचं काम शेजाऱ्याला सांगता आलं नाही, त्यानं ते केलंच नाही असं धरलं जाईल.

 कुणी कुठं बसायचं ते आधी ठरवूया का, असं होयबाईनं कॅन्टीनमध्ये भीत भीत विचारलं. मुकादम म्हणाला, अगं, आपण काय परके आहोत, आयत्या वेळी जमेल. जुळ्या मोबाईलमध्ये बघत होत्या. मौनी एकटाच वर बघत होता. तिला वाटलं, याला माहीत आहे. कापताना हा कधीमधी शेजारी बसलेला असायचा. याच्या डाव्या हाताला बसलं की झालं.

परीक्षेच्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी आली, मौनीची नेहमीची जागा बघून डावीकडच्या खुर्चीवर बॅग ठेवली आणि देवाचं नाव घेत बसली. मग जुळ्या आल्या. "सरक ना गं, आम्हाला जवळ बसू दे." आणि जीभ उचलायच्या आधी तिचं अंगच उठलं. दोन खुर्च्या सरकली तेव्हा कळलं, आपण काय केलं. पण तोवर दुसऱ्या बाजूला मुकादम बसला होता आणि सर आत आले होते.

आता तिच्याबद्दल सांगणार होती जुळ्यांतली धाकटी. ती उभी राहिली, बट कानामागे सारली आणि म्हणाली, "ही... ही आमच्याबरोबरच असायची सर. मदत करायची. सामान वगैरे आणायची."

कुणीतरी फिसकन हसलं. सरांनी विचारलं, आणखी काही? धाकटी थोरलीकडे बघायला लागली. सरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि होयबाईला खूण केली.

तिच्या डाव्या हाताला मुकादम. ती उभी राहून बोलायला लागली. उतार आधी खडा कसा झाला, दवाखान्यातली बाई काय म्हणाली, वळणावर खुर्ची फिरायला जागा का सोडली, कठडा खाली का घेतला. बोलताना तिचा आवाज स्थिर होत गेला. आपल्याच लेकराची ओळख शेजारणीचं म्हणून करून द्यावी, तशी ती सगळं मुकादमाच्या पदरात टाकत गेली. सर खूश झाले. गटप्रमुख असावा तर असा, म्हणाले.

ती खाली बसली. मुकादम तिच्याकडे झुकून हळूच म्हणाला, "बरं सांगितलंस हं."

धुणंभांडी नीट केली म्हणून मोलकरणीला म्हणतात ना, तसं. ती परत उभी राहिली.

"सर, याचं काम मला माहीत नाही. आत्ता सांगितलं ते माझं होतं."

 सर म्हणाले, स्वतःचं सांगायचं नाही, हे आधीच बोललो होतो. मग त्यांनी गटाकडे बघून विचारलं, हिचं काम कुणी बघितलंय का?

होयबाईनं मौनीकडे बघितलं. देवापुढे उभं राहून मागावं तसं बघितलं. मौनीचे ओठ हलले, मुकादमानं घसा खाकरला, आणि मौनी आपल्या बुटांच्या नाड्यांकडे बघायला लागला.

निकाल सरांनी तिथंच दिला. मुकादमाचं काम कुणी सांगितलं नाही, हिचंही नाही. दोघांनी मिळून सुट्टीत नवीन मॉडेल करायचं, पुन्हा तीच रीत. जमलं तर पुढच्या वर्गात, नाही तर दोघंही मागे.

घरी तिनं एवढंच सांगितलं, सुट्टीत थोडं काम राहिलंय. काकांनी पेपरातून डोकं काढून तिच्याकडे बघितलं आणि परत आत घातलं.  जेवताना वडिलांनी आपल्या ताटातली पोळी तिच्या ताटात ठेवली. 

सुट्टीतल्या पहिल्या दिवशी रिकाम्या कार्यशाळेत दोघं समोरासमोर बसली. मध्ये कोरा पुठ्ठा आणि एक कटर. मुकादमाला राग नव्हता, हेच तिला जास्त लागलं. तो गोड आवाजात म्हणाला, "हे बघ, झालं गेलं विसर. तू कर. या वेळी मी सगळं सांगतो सरांना, तुझं काम तुझंच म्हणून. आईशप्पथ."

"आणि मी तुझं काय सांगू?"

"सांग काहीतरी. तुला छान सांगता येतं."

तिचे हात शिवशिवत होते. चार दिवसांत झालं असतं. काकांचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता. मनात ती देवाला विचारत होती, आणि देव काही बोलत नव्हता. तिनं कटर उचललं, क्षणभर धरलं आणि मुकादमाच्या बाजूला सरकवलं.

"पहिली भिंत तू काप."

"मला नाही येत."

"शिकवते."

तो हसला, मग हसायचा थांबला, मग खिडकीबाहेर बघायला लागला. कटर काही उचललं नाही. तिनं हात मांडीखाली दाबून धरले. त्यानं एकदा घड्याळ बघितलं. तिनं बघितलं नाही. शिपाई दार लावायला आला तेव्हा दोघं तशीच बसलेली होती आणि पुठ्ठ्यावर एकही रेघ नव्हती.