मागच्या रांगेतली आक्का

विनायकचा फोन आला तेव्हा मी निपाणीत शाळेला निघायच्या तयारीत होते. स्क्रीनवर त्याचं नाव दिसलं आणि काय ऐकायचंय ते कळलंच. "आक्का गेली गं," तो म्हणाला. आणि मग, "झोपंतच गेली. तरास न्हाय झाला." मी खुर्चीवर बसले आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो 'सुटली'... आक्का म्हणजे माझी मावशी, आईची थोरली बहीण. विनायक तिचा एकुलता मुलगा. गेले काही महिने फुप्फुसांनी तिचा छळ मांडला होता. उशाशी ऑक्सिजनचं यंत्र घरघरत असायचं, दोन शब्द बोलली की तिला थांबावं लागायचं. जिच्या घोषणेनं गल्लीच्या टोकाची माणसं माना वळवायची, तिला श्वासासाठी तसं झगडताना बघवत नव्हतं. म्हणून रडू आलं ते नंतर, गाडी संकेश्वर मागं टाकून हत्तरगीच्या पुढं गेल्यावर. आधी वाटलं ते बरंच वाटलं.

पण त्याबरोबर एक धास्तीही होती. मयताला कोण येईल, कोण येणार नाही, आणि आलेच तर कोण काय बोलेल... आक्का सीमालढ्यात जेलात जाऊन आलेली बाई, तरी त्याच लढ्यातल्या माणसांनी तिला कित्येक वर्षं लांब ठेवलं होतं. तिच्या तिरडीशेजारी तो जुना विषय कुणी काढू नये, एवढंच मी वाटभर मनात म्हणत होते.

खानापूरकडच्या आमच्या लहानशा गावात पुढची शाळा नव्हती, म्हणून सातवीपासून मी मावशीकडं राहायला आले. तिचं गाव येळ्ळूरच्या पलीकडं, शिवारातून चालत गेलं की येळ्ळूरची शाळा. मावशीचे यजमान, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, चळवळीचे गावातले कार्यकर्ते. घरात सतत माणसं. सोप्यात आप्पा आणि मंडळी ठराव करायची, बेळगावच्या मोर्चाचं ठरवायची, आणि आत चुलीपुढं आक्का आणि शेजारच्या बायका भाकऱ्या थापायच्या. बाहेर काय चाललंय ते आक्काला भिंतीपलीकडूनही पाठ असायचं. मराठी भागात सगळं कन्नडातूनच करायची सक्ती आली आणि लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा आक्काच आधी म्हणाली, "भाकऱ्या थापून लढा होत न्हाय. आमी पण येतो." आप्पांना वाटलं चेष्टा करतेय. दुसऱ्या दिवशी ती गावातल्या बायकांना घेऊन मोर्चात पुढं होती, आणि दुपारी पोलिसांच्या गाडीत.

बेळगावच्या जेलातली एक हकिकत ती नेहमी सांगायची, आणि सांगताना तिचे डोळे हसायचे. पकडलेल्या बायकांत आमच्याच गावातली चंपा नावाची एक अगदी कोवळी लेकुरवाळी होती. तिला दूध येईना आणि मूल रडून निळं पडायची वेळ आली. बायका मराठीत ओरडत होत्या, पहाऱ्यावरच्या बाईला काही कळत नव्हतं. आक्काचं माहेर खानापूरकडचं, लहानपणापासून कन्नड तिच्या जिभेवर. ती गजांपाशी गेली आणि म्हणाली, "कूसिगि हालु बेकरी, अक्का." बाळाला दूध पाहिजे. पहाऱ्यावरची बाई एकदम थांबली, तिच्याकडं बघत राहिली, आणि थोड्या वेळानं स्वतःच्या डब्याच्या झाकणातून दूध घेऊन आली. मूल निजलं. तेव्हा बरोबरची एक बाई फणकारली, "कन्नडाच्या विरुद्ध म्हणून आत आलोय आनि तू कन्नडात बोलतीस व्हय गं?" आक्का म्हणाली, "सक्तीशी भांडान हाय माझं, भाषेशी न्हवं. पोर भुकेलं हुतं." तिच्या सबंध आयुष्याचं राजकारण एवढंच होतं. मला ते समजायला पुढं बरीच वर्षं लागली.

सुटून आल्यावर देवळापुढं सत्कार झाला. मी पोरींबरोबर खाली सतरंजीवर बसले होते. जेलात गेलेल्या पुरुषांना स्टेजवर खुर्च्या, गळ्यात हार, आणि प्रत्येकाचं भाषण. जेलात गेलेल्या बायकांच्या हातात आरतीची तबकं दिली होती. पुरुषांना ओवाळायचं आणि खाली उतरायचं. आक्कानं ओवाळलं, आणि मग माईकपाशी उभ्या असलेल्या नानांना, म्हणजे चळवळीच्या आमच्या भागातल्या पुढाऱ्यांना, आमच्याकडच्या बायकांच्या 'येतो-जातो'च्या बोलीत हळूच म्हणाली, "मी पण दोन शब्द बोलतो." नाना चांगले माणूस होते, पण गडबडले. "वैनी, पावणं खोळंबल्यात. पुन्यांदा बगू." आणि लगेच माईकमध्ये, "आमच्या माताभगिनींनी जो त्याग केला..." आक्का खाली येऊन माझ्याशेजारी बसली. घरी आल्यावर आप्पांना जेवायला वाढताना एवढंच म्हणाली, "आत माझ्यासाठी येगळी भाकरी न्हवती. मग भायेर आल्यावर येगळी जागा का?"

खरा बिनसण्याचा प्रसंग त्यानंतर काही वर्षांनी आला. गावाच्या तोंडाशी दारूचं दुकान उघडलं होतं आणि बघता बघता घरोघरच्या बायकांच्या अंगावर वळ दिसायला लागले. कुणाची मंगळसूत्रं मोडली, चंपाचा नवरा तर गटारीत पडून मेला. दुकानदार मात्र चळवळीचा माणूस. सभेला मांडव त्याचा, मोर्चाला गाडी त्याची. आक्कानं बैठकीत विषय काढला, तो चुलीजवळून नाही, सोप्यात येऊन, मंडळींसमोर उभी राहून. नाना म्हणाले, "वैनी, आपल्यात फूट दिसाय नको. आदी सीमाप्रश्न सुटूंदे, मग बाकीचं बगू."

"आनि तवर काय आमी मार खाऊन ऱ्हायाचं व्हय?" आक्कानं विचारलं.

मंडळींनी पुढचा विषय घेतला. उत्तर मग तिनंच दिलं, तिच्या पद्धतीनं. गावात कन्नड बोलणारी घरंही होती, त्यांच्या बायकाही त्याच दुकानामुळं पिचलेल्या. त्यातली गंगव्वा आक्काच्या वयाची, पोटात एक आणि ओठात एक नसलेली बाई. दोघी घरोघर फिरल्या, आणि एका सकाळी मराठी-कन्नड दोन्ही घरांतल्या बायका त्या दुकानाच्या दारात पाल ठोकल्यासारख्या बसल्या. उठेनात. बाहेरून आलेला माल आत जाऊ देईनात. गावात लगेच कुजबूज सुरू झाली, आक्का कन्नडवाल्यांना मिळाली. कुणी घराच्या भिंतीवर कोळशानं काहीबाही लिहिलं. आप्पांनी बोलणं टाकलं. मी तेव्हा कॉलेजात होते. घरात जेवताना नुसता भांड्यांचा आवाज व्हायचा, तो मला अजून ऐकू येतो. पण थंडीचे दिवस होते, आणि एका पहाटे मी चहा घेऊन दुकानाकडं गेले तर आक्काच्या अंगावर आप्पांची घोंगडी होती. "कवा आणून दिली?" मी विचारलं. "कुनास ठावं," ती म्हणाली, "जागी झालो तर हुती." आणि घोंगडी हनुवटीपर्यंत ओढून तिनं तोंड फिरवलं.

दुकान बंद झालं. दुकानदारानं आपलं चंबूगबाळं शहरात हलवलं. पण चळवळीनं आक्काला माफ केलं नाही. कुणी उघड भांडलं नाही, फक्त बोलावणं बंद झालं. सभेची हाळी गल्लीतल्या सगळ्या दारांत व्हायची, आमचं दार सोडून. आमच्या दाराशी यायच्या त्या घरी मार खाल्लेल्या बायका, लांबलांबच्या गावांतून आक्काचं नाव ऐकून. आप्पा पुढं कुठल्याच बैठकीला गेले नाहीत, आणि काही वर्षांनी वारले. आक्का मात्र प्रत्येक मोर्चाला जायची. स्वतःच्या खर्चानं, स्वतःची भाकरी बांधून, सगळ्यात मागच्या रांगेत. मी एकदा चिडून म्हणाले, "बोलवत नाहीत तर कशाला जातेस गं?" ती चपला पायात सरकवत म्हणाली, "मोर्चा काय कुनाच्या घरचं लगीन हाय व्हय, आवतनं लागाय?"

लग्नानंतर मी निपाणीला आले. येणं-जाणं होतं, पण तो विषय आम्ही काढत नसू. ती कडवट झाली असं मला कधी दिसलं नाही; तरी मला भीती वाटायची की हे ओझं घेऊनच ती जाईल. ते तसं झालं नाही, आणि त्याचं श्रेय ग्रामपंचायतीत निवडून आलेल्या स्नेहल नावाच्या मुलीला. ही नानांची नात. गेल्या वर्षी गावानं जेलात गेलेल्यांची आठवण म्हणून कार्यक्रम ठरवला आणि ती आक्काच्या दारात येऊन उभी राहिली. "आज्जी, तुमी बोलायचं." आक्कानं आधी उडवून लावलं. "आता दम न्हाय ऱ्हायला, बाळ." स्नेहल म्हणाली, "बसून बोला. दम लागला तर थांबा. लोक थांबतील."

मी मुद्दाम निपाणीहून गेले होते. आक्का स्टेजवर खुर्चीत बसली. शेजारी नाना, पार थकलेले, काठी टेकून. दम सांभाळताना तिला माईक धरता येईना. स्नेहल पुढं यायच्या आत नाना उठले, त्यांनी काठी खुर्चीला लावली आणि माईक आक्काच्या तोंडापुढं धरून उभे राहिले. आक्का दम घेत घेत बोलली. जेलातलं सांगितलं, दुधाचं सांगितलं, डब्याच्या झाकणाचं सांगितलं. म्हणाली, "आमाला नुसतं माताभगिनी म्हनू नगा. नावं हाईत आमाला. चंपा, रुक्मिनी, शांता... आनि दारूच्या दुकानाम्होरं बसलेली गंगव्वा, ती पन आमचीच." मग पुन्हा दम घेऊन, "सीमा अजून हाय तितंच हाय. दारूचं दुकान तेवडं न्हाय." मंडप आधी हसला, मग टाळ्या थांबेनात. आक्कानं वर बघितलं. "नाना, हात दुखला आसंल. ठेवा खाली. माझा आवाज पोचतोय." नानांनी माईक खाली घेतला नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

त्या संध्याकाळी घरी परतताना आक्का लहान पोरीसारखी सारखी विचारत होती, "बरं बोललो न्हवं गं? लई तर न्हाय झालं?" मी म्हटलं, "थोडं कमीच झालं." ती इतकी हसली की तिला खोकल्याची उबळ आली...

म्हणून त्या सकाळी मला जी धास्ती होती ती फुकटच ठरली. मी पोचले तेव्हा अंगण भरलं होतं. नाना आजारी असूनही रिक्षातून आले होते. गंगव्वाला तिच्या नातवानं हाताला धरून आणलं. ती आक्काच्या पायाशी बसली आणि तिनं मोठ्यानं कन्नडात गळा काढला, "नन्न बिट्टु होदेल्ला, अक्का..." मला सोडून गेलीस की. मी दचकून आजूबाजूला पाहिलं. कुणीही नजर वळवली नाही, कुणाच्या कपाळावर आठी आली नाही. माझ्या शेजारची म्हातारी पदरात तोंड घालून रडत होती आणि तिला कन्नडाचा एक शब्द येत नव्हता. अंत्ययात्रा निघाली तेव्हा विनायक म्हणाला, "बायका पन येत्याल स्मशानापतूर. आक्काच्या बायका हाईत." नानांनी मान डोलावली, तेवढंच. आम्ही सगळ्या गेलो.

बारावं झालं, पाहुणे पांगले. मधे काही आठवडे गेले आणि परवा रविवारी मी पुन्हा गेले. आक्काची खोली विनायकची बायको रेखा हिनं आवरून ठेवली होती. ऑक्सिजनचं यंत्र परत गेलं होतं आणि त्याच्या जागी खिडकीतलं ऊन पडलं होतं. घर मोकळं वाटत होतं, ओकं नाही. आम्ही दोघी चहा घेत बसलो तोवर पुढच्या दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. डोळ्याखाली काळंनिळं, हातात पिशवी. कुठल्यातरी लांबच्या गावाची असावी. तिनं विचारलं, "आक्का हाईत का?"

रेखानं माझ्याकडं बघितलंही नाही. ही आमची रेखा, चार माणसांत तोंड न उघडणारी, सासूच्या मागं मागं चहाचे पेले उचलणारी. तिनं पेला खाली ठेवला, पदर खोचला आणि दाराशी गेली. "आक्का गेल्या, बाई," ती म्हणाली, "पर तू आत ये. आदी बस, च्या घे. मग सांग काय झालंय ते."

मुलगी उंबऱ्यावरच घुटमळली. रेखानं तिच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि तिला आत घेऊन दार ओढून घेतलं.